किती दिवस पडून होता?

उंबरदरी, ता. त्र्यंबकेश्वर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

मामा,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. सहा महिन्यांत अकरा वेळा केला. मोजायची सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा हेही मोजलं गेलं. बंटीची भाजीची पिकअप रोज पहाटे नाशिक रोडला जाते, तो तुमच्या लेकीच्या दारात पत्र देईल. फाडायचं असलं तर फाडा, पण वाचून.

तसं विशेष काही नाही. काल आपल्याकडे पाहुणे आले होते. नाशिकच्या एका कंपनीतले चौदा साहेब आणि त्यांच्याबरोबर जिया मॅडम म्हणून एक ट्रेनर. या बाई साहेब लोकांना रानात नेतात आणि जनावरं दाखवून नेतृत्व शिकवतात. हसू नका, असतो असा धंदा. मागच्या वर्षी त्यांनी वानरं दाखवली होती म्हणे. या वर्षी गिधाडं. महिनाभर आधी त्यांचा फोन आला, "सविताताई, गिधाड समितीच्या अध्यक्ष तुम्ही, तेव्हा बोलायचंही तुम्हीच."

गिधाडांच्या ताटावर मेलेला बैल टाकला होता. ते कुंपण, तो काळा खडक, मेलेलं जनावर ओढून न्यायची वाट, सगळं तुम्ही आखलंत तसंच आहे. फक्त फाटकाची किल्ली आता माझ्या कमरेला असते. नऊ वाजता पहिलं गिधाड उतरलं आणि साडेनऊपर्यंत सतरा! कड्यावरच्या बावीसपैकी सतरा, मामा. तुम्ही गेल्यापासून गावात जो तो म्हणत होता की पाखरांना गोटीरामच्याच हाताची सवय, पोरीच्या हाताला ती येणार नाहीत. कालपासून सगळ्यांची तोंडं बंद आहेत.

मग मी भाषण ठोकलं. म्हटलं, जे पहिलं उतरतं ते नेता. ते धाडस करतं, बाकीचे विश्वासाने मागे येतात. टाळ्या पडल्या, जिया मॅडमनी वहीत लिहूनही घेतलं. तुम्ही काय शिकवलंत ते मला आठवत होतं, बरं का. पहिलं उतरतं ते फक्त सगळ्यात भुकेलं असतं, आणि बाकीची नुसती त्याच्याकडे बघून येतात, म्हणून जबाबदारी पाखराची नाही, ताट मांडणाऱ्याची. पण ते सांगायला गेले असते तर भाषणाची गंमत गेली असती. आवेज नावाचा एक तरुण साहेब मात्र मागून म्हणाला, "ताई, पण पहिलाच चुकला तर मागच्यांचं काय?" सगळे हसले, मीही हसले आणि चहा मागवला.

आता एक विचारायचं होतं, सहज. पोटभर खाल्ल्यावर गिधाड किती वेळ जड होऊन बसतं? चार नंबरच्या घरट्यातलं एक दुपारपासून कड्यावरच्या उंबराच्या झाडावर बसलंय, मान खाली सोडून. मधेच उचलतं आणि परत सोडतं. त्याचा जोडीदार पिल्लापाशी आहे. पिल्लू महिन्याचं झालंय, कापसाच्या बोळ्यासारखं. सातही घरट्यांत पिल्लं आहेत यंदा.

काळजीचं काही नाही. उत्तर द्यायचं तर बंटीकडे द्या.

तुमची भाची,
सविता

&nbsp;

सोमवार, १० फेब्रुवारी, दुपार

मामा,

बंटी दहा वाजता परत आला आणि माझंच पाकीट माझ्या हातात दिलं. मला वाटलं, न वाचता परत पाठवलंत. मग उलटं केलं तर मागे तुमचं अक्षर. ना आशीर्वाद, ना माझं नाव. नुसतं, "किती दिवस पडून होता?"

चार पानं लिहिली मी, आणि त्यात बैल कशाने मेला ते कुठेही लिहिलं नाही, हे तुम्हाला बरोबर दिसलं.

मला माहीत नाही, मामा. म्हणजे मी ते विचारलंच नाही. बैल केरूचा, खालच्या रस्त्यावरच्या वस्तीवरचा. शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. शनिवारी पाहुणे, आणि ताट तीन आठवडे रिकामं. मी फोनवरच विचारलं, "इंजेक्शन-बिंजेक्शन काही दिलं नाही ना?" तो म्हणाला, "नाय ताई, काहीच नाय." तसं रजिस्टरमध्ये लिहिलं आणि आमच्या ह्यांना ट्रॅक्टर घेऊन पाठवलं.

तुम्ही कधीच असं विचारायचा नाहीत. फाटकाजवळच्या दगडावर मालकाला बसवायचात, तंबाखू पुढे करायचात. मग, किती दिवस पडून होता? पाणी कोण पाजत होतं? कोण कोण बघून गेलं? इंजेक्शनचं नावच नाही. मी लहान होते तेव्हा वाटायचं, मामा किती पाल्हाळ लावतो. तुम्ही सांगितलं होतं, तीन दिवस जनावर पडून असलं की कोणीतरी येऊन सुई टोचून जातोच, आणि "नाही ना" असं विचारलं की माणूस "नाही"च म्हणतो. शेवटी मालकाने बैलाच्या कपाळावर हात ठेवून सांगायचं. केरूचा हात तर मी बघितलासुद्धा नाही, तो आलाच नव्हता.

आता ऐका. आज सकाळी कड्याखालच्या कारवीच्या झुडपांत एक गिधाड मरून पडलेलं सापडलं. चार नंबरचं नाही, पिवळी चोच असलेलं ते म्हातारं, जे नेहमी एकटं बसायचं. आणि आता मान सोडून बसलेली दोन आहेत.

कदाचित म्हातारं होऊन गेलं असेल. तुम्हीच म्हणायचात, तीही आपल्यासारखीच मरतात. बैलाची उरलेली हाडं, कातडं सगळं आम्ही सकाळीच खोल पुरलं, वर चुना टाकला. वनखात्याला अजून कळवलं नाही. आधी केरूकडे जाऊन खात्री करते. उगाच बोभाटा नको.

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

सविता

&nbsp;

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपार

मामा,

चार दिवस पडून होता.

केरू काल भेटलाच नाही, घरात असून. आज सात वाजता गेले तेव्हा गोठ्यात सापडला. मी दगडावर बसले, तंबाखू नव्हती तर बिस्किटाचा पुडा पुढे केला, आणि तुमच्यासारखं विचारलं. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी त्याची बायको लताबाई चुलीपासून उठून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगून टाका ना आता. पाखरू मेलंय म्हणं." मग तिने देवळीतून बाटली काढून माझ्या हातात ठेवली. मोटरसायकलवरून कोणीतरी आला होता, दोन दिवस येऊन टोचून गेला. माणसांसाठीची बाटली. नाव मी तीन वेळा वाचलं. तेच, डायक्लोफेनॅक. फाटकावर तुम्ही लाल रंगाने रंगवून घेतलेल्या पाटीवर, गिधाडांना विष ठरणाऱ्या औषधांत, जे पहिलं नाव आहे ते.

मी विचारलं, "केरूदादा, खोटं का बोललात?"

तो म्हणाला, "गोटीराम मामांनी कुसाबाईचं काय केलं ते आम्ही बघितलं नाय का? तुम्हाला खरं सांगितलं असतं तर आमचाबी तसाच तमाशा झाला असता. आन तुम्हीबी असं विचारलं, की नाय म्हणणंच सोपं व्हतं."

मामा, आता रागावणार असाल तर रागवा, पण हे लिहिणारच. श्रावणात कुसाबाईने आपला बैल आणला आणि इंजेक्शन दिलं नाही म्हणाली. तुम्ही तिच्या घरी जाऊन छपरातली बाटली शोधून आणलीत आणि भर ग्रामसभेत हातात धरून सगळ्यांना दाखवलीत. एकट्या बाईला सगळ्या गावासमोर खोटारडी म्हणालात. बैल तुम्ही परत पाठवलात ते बरोबर होतं. पाखरं वाचली तुमच्यामुळे, हे मी तेव्हाही मानलं होतं. पण ती बाई महिनाभर पाणवठ्यावर आली नाही. म्हणून मी अध्यक्षपदासाठी उभी राहिले तुमच्याविरुद्ध. चौदा वर्षं ज्याने ताट सांभाळलं त्या माणसाने न बोलता किल्ली माझ्या हातात ठेवली, रजिस्टर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नाशिक रोडची गाडी धरली. मी थांबवलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

तुमच्या धाकाने लोक लपवायला शिकले, आणि माझ्यासमोर लपवायला कष्टच पडले नाहीत.

हे सगळं लिहून तुमच्या अंगावर अर्धं ढकलायचा विचार होता, खरं सांगते. पण अजून एक आहे, ते कोणालाच सांगितलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी ताटावर मीच कातडं फाडलं. गिधाडांना जाड कातडं फोडता येत नाही, सुरी मीच चालवते. मानेच्या कातड्याखाली तीन ठिकाणी रक्त साकळलेलं होतं, हरभऱ्याएवढं. ओळीने. आमच्या ह्यांनीही बघितलं. म्हणाले, "हे काय गं?" मी म्हटलं, "गोचीड चावलं असेल." ते गप्प बसले, कारण अध्यक्ष मी. बैल अजून ट्रॅक्टरला बांधलेला होता, मामा. साखळी सोडलीसुद्धा नव्हती. ओढून खड्ड्यात टाकायला अर्धा तास लागला असता. माझ्या डोळ्यांसमोर शनिवारचं रिकामं आभाळ आलं, चौदा साहेब माना वर करून बसलेले आणि गावातली माणसं कोपराने एकमेकांना ढोसताहेत. मी साखळी सोडा म्हणाले.

रात्रभर वाटत राहिलं की पहाटे उठून काढून टाकू. पहाटे उठले आणि साडी नेसून भाषण पाठ करत बसले.

आज सकाळी चार नंबरचं ते मेलं. उंबरावरून सरळ खाली. तिसऱ्याची मान तेव्हा अजून हलत होती. केरूकडून येतानाच वनरक्षकांना फोन केला आणि बाटलीचं नाव सांगितलं. ते लोक आले, जिवंत होतं त्याला पेटीतून घेऊन गेले. मेलेली दोन्ही तपासायला नेली. वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, "कधी लक्षात आलं?" मी म्हणाले, "काल."

तेही खोटंच. आज बंटी उशिरा निघणार आहे, पत्र संध्याकाळी मिळेल. मला तुमच्याकडून माफी नको. ग्रामसभा बुधवारी लावलीय. तिथे काय सांगू, एवढंच सांगा.

सविता

&nbsp;

गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळ

मामा,

तुम्ही काही पाठवलं नाही. बंटी म्हणाला, "मामांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आन गॅलरीत जाऊन उभे राहिले." ठीक आहे.

पेटीतून नेलेलं काल सकाळी गेलं. तीन झाली. बाकीच्या एकोणिसांना रोज सकाळ-संध्याकाळ मोजतेय. एकाचीही मान जरा वाकली की दुर्बीण तिच्यावरच धरून बसते. अंग खाजवायला वाकतात हो ती, पण मला आता खाजवणं आणि मरणं यातला फरकच कळेनासा झालाय. वनखात्याचे डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस टिकली ती बहुतेक वाचली. त्यातला "बहुतेक" मला सोडत नाही.

काल समाजमंदिरात सगळे आले. केरूही आला, मागे दाराशी बसला. मी बाटली मधोमध ठेवली. आधी ठरवलं होतं की केरूचं नाव घ्यायचं नाही, आणि घेतलं नाही. गोचिडाचं सांगितलं. साखळीचं सांगितलं. वनखात्याला "काल" म्हणाले तेही सांगितलं आणि साहेब बसले होते त्यांच्याकडे बघून म्हटलं, लेखी देते. आमच्या ह्यांनी मान खाली घातली होती. मग मी किल्ली काढून बाटलीजवळ ठेवली आणि म्हटलं, ज्याला घ्यायची त्याने घ्या.

कोणी हलेना. मला वाटलं होतं शिव्या देतील, त्या बऱ्या झाल्या असत्या. एक म्हातारा म्हणाला, "गोटीरामला बोलवा माघारी." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. खोटं नाही सांगत, मलाही तेच हवं होतं.

तेवढ्यात कुसाबाई उठली. मामा, ती सभेत कधी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पदर खोचला आणि म्हणाली, "गोटीरामदादा आला तर येऊ द्या, पण तो आला की परत सगळी लपवतील. मी लपवली व्हती ना. छपरात. कुठं कुठं लपवत्यात, तोंड कसं करत्यात, मला ठावं हाय. किल्ली माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. फाटकावर मी इचारीन." मग माझ्याकडे वळून, "आन तू मोज. तुला मोजता येतं."

कोणीतरी हसलं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग दाराशी बसलेला केरू उठला आणि आपणहून म्हणाला, "बैल माझा व्हता." कुसाबाईने त्याला विचारलं, "किती दिवस पडून व्हता?" तो म्हणाला, "चार." ती म्हणाली, "बस खाली." झालं, एवढंच. तुम्ही असतात तर तुम्हाला आवडलं असतं की राग आला असता, मी ठरवू शकले नाही.

अध्यक्षपद वनखात्याचा अहवाल येईपर्यंत तसंच ठेवलंय. सही माझी, किल्ली तिची. अहवालानंतर काय होईल ते होईल. मी भ्याले आहे, पण ते आता माझं मला.

आज सकाळी जिया मॅडमचा मेसेज आला. पाहुण्यांचा ताटाजवळचा फोटो, मागे आभाळात गिधाडं, आणि खाली ठळक अक्षरात, "जो आधी उतरतो, तो नेता!" शंभरावर लोकांनी अंगठे दाखवलेत. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे पुढच्या बॅचला येऊन सांगाल?" म्हटलं, आवेजसाहेबांना आधी कळवा. त्यांनी विचारलं होतं आणि मी चहा मागवला होता.

आता चार नंबरचं. जोडीदार गेल्यापासून उरलेलं एकटं पिल्लावर बसून आहे. एक बसतं तेव्हा दुसरं पोटाला आणतं, असं तुम्ही शिकवलंत. इथे दुसरं येतच नाही. मंगळवारपासून ते उठलेलं नाही. उठलं तर वर कावळे टपलेले आहेत, नाही उठलं तर दोघंही उपाशी. मी समोरच्या टेकडीवरून दुर्बीण लावून बघते आणि त्याला सांगते, जा ना. मग सांगते, नको जाऊस.

सविता

&nbsp;

शनिवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळ

मामा,

तुमची चिठ्ठी दुपारी मिळाली. बंटीने टेकडीवर आणून दिली. मी सकाळपासून तिथेच होते.

"चार नंबरवर कोण बसलंय?"

सांगते. नऊ वाजून वीस मिनिटांनी ते उठलं. कडेला आलं, दोनदा पंख उघडून मिटले आणि गेलं, हरसूलच्या बाजूला. घरट्यावर कोणी नव्हतं. पिल्लू मान उंच करून बसलं होतं. दहाला एक कावळा कड्याच्या उंबरावर आला, मग दुसरा. गोफण जवळ होती, पण कड्याकडे दगड मारायचा नाही हा तुमचाच नियम, बाकी सहा घरटी उठली असती. मी काही करू शकत नव्हते, मामा. फक्त उठले नाही. कुसाबाई भाकरी घेऊन आली, तीही बसली. तिने विचारलं, "आलं का?" मी नाही म्हटलं. दर थोड्या वेळाने तिने विचारलं आणि मी नाही म्हटलं.

एक कावळा घरट्यात उतरला तेव्हा पिल्लाने पंखांचे ते दोन खुंट पसरले आणि चोच पुढे केली. कावळा मागे सरला. परत आला, परत सरला.

अडीचला ते आलं. गळ्याखालची पिशवी भरलेली होती. पिल्लाने थेट त्याच्या चोचीत डोकं घातलं.

उद्या ते परत जाईल आणि उद्याही घरट्यावर कोणी नसेल. मे महिन्यापर्यंत असंच चालणार आहे. मी समोर बसणार आहे रोज. टेकडीवरचा तुमचा दगड मोठा आहे, दोन माणसं बसतात. बंटी पहाटे पाच वाजता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल. मी त्याला सांगितलंय, पाच मिनिटं थांब, हॉर्न वाजवू नको.

सविता